पाहुणा निघून जातो, चोर मात्र तिथेच राहतो

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेल्या या विमानतळाबद्दल गेली अनेक वर्षे भरपूर लिहिले आणि बोलले गेले. जमिनींचे भाव, प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न, विमानतळाचे नाव, रस्ते आणि रेल्वेची जोडणी यांवर वाद झडले. त्या मानाने एका साध्या प्रश्नाची चर्चा फारच कमी झाली. हातात बॅग घेऊन उतरणारा, शहराची काहीच माहिती नसलेला आणि दोन दिवसांत परत जाणारा माणूस या शहरात किती सुरक्षित आहे? त्याचे पाकीट मारले गेले, मोबाइल हिसकावला गेला किंवा टॅक्सीतून बॅग पळवली गेली, तर त्याने जायचे कोणाकडे आणि तिथे त्याच्या पदरात काय पडेल?

हा प्रश्न या शहरापुढे नव्याने आला आहे, कारण नवी मुंबईची रचनाच मुळी राहणाऱ्या माणसासाठी झाली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली ती मुंबईचा भार हलका करण्यासाठी. १९९२ मध्ये महापालिका आणि १९९४ मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. घरफोडी, सोनसाखळी चोरी, वाहनचोरी हे येथील पोलिसांच्या परिचयाचे गुन्हे. त्यांतला तक्रारदार वाशी, नेरुळ किंवा कामोठ्यात राहणारा असतो. तो पोलीस ठाण्यात चार खेपा घालू शकतो, ओळख परेडला येऊ शकतो, तारखेला न्यायालयात उभा राहू शकतो. सारी तपासयंत्रणा त्याचे हे स्थैर्य गृहीत धरूनच चालते. पाहुण्याच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक कोलमडते.

गर्दीच्या रूपाने हे पाहुणे आधीच येऊ लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडा संकुलात 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. अशा प्रसंगी देशभरातून माणसे येतात आणि रात्रीतून पांगतात. त्यात आता रोजच्या विमानप्रवाशांची भर पडली आहे.

चोराच्या सोयीचा बळी

पर्यटक हा चोराला सर्वांत सोयीचा का, याचे उत्तर केवळ त्याच्या खिशातील रोख रकमेत नाही. त्याला रस्ते ठाऊक नसतात, भाषा येत नाही, कोणावर विश्वास टाकावा हे उमगत नाही. पण या सगळ्यापेक्षा मोठे कारण म्हणजे त्याचे परतीचे तिकीट. सायंकाळी विमान किंवा गाडी असलेला माणूस दोन-तीन हजारांच्या चोरीसाठी पोलीस ठाण्यात अर्धा दिवस घालवत नाही. त्याने तक्रार दिलीच, तरी दोन वर्षांनी खटला उभा राहील तेव्हा "हा मोबाइल माझाच" असे न्यायालयात सांगायला तो येईलच असे नाही. साक्षीला फिर्यादी नाही म्हणजे खटल्याचा कणाच नाही. सराईत गुन्हेगारांना हे गणित पक्के ठाऊक असते.

आकडेवारीतही या अनुपस्थितीचे प्रतिबिंब पडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे २०२१ मध्ये देशभरात १५० आणि २०२२ मध्ये १९२ नोंदले गेले. २०२२ मध्ये भारतात आलेल्या परदेशी पर्यटकांची संख्या सुमारे ६४ लाख होती. एवढ्या माणसांमागे दोनशेहूनही कमी गुन्हे, ही संख्या वाचून समाधान मानायचे की नोंदच होत नाही असे समजायचे? देशातल्या देशात फिरणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत तर तेवढेही नाही. तो चोरीला बळी पडला तर 'पर्यटक' म्हणून त्याची वेगळी गणनाच या अहवालात होत नाही. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी मनुष्यबळ आणि निधी मागायचा तरी कशाच्या आधारावर?

घारापुरीचा धडा

नवी मुंबईला या प्रश्नाचे छोटे रूप पाहायचे असेल, तर दूर जाण्याची गरज नाही. मुंबई बंदरातील घारापुरी बेट समोरच आहे. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या येथील लेण्यांकडे जाणारा बहुतेक पर्यटक गेटवे ऑफ इंडियाहून बोटीत बसतो. तो धक्का मुंबई पोलिसांच्या हद्दीत. बोटींचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. बेट महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, तर पोलीस हद्द नवी मुंबई आयुक्तालयाच्या मोरा सागरी पोलीस ठाण्याची. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आणि गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. लेण्यांच्या पायऱ्या चढताना एखाद्याचे पाकीट गेले आणि ते त्याला परतीच्या बोटीत कळले, तर एवढ्या यंत्रणांपैकी दार कोणाचे ठोठवायचे? मोरा पोलीस ठाणे उरणच्या किनाऱ्यावर, पर्यटक उतरणार कुलाब्यात आणि रात्री त्याची गाडी सुटणार. अशा स्थितीत बहुतेक माणसे पाकिटावर पाणी सोडून मोकळी होतात.

अनेक यंत्रणांच्या हद्दी एकमेकींना भिडतात तिथे सुरक्षेत फट राहते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जॅकेट घालायला लावण्याबाबत कडक पावले उचलली गेली. अपघात आणि चोरी यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण मोठी दुर्घटना घडेपर्यंत छोट्या उणिवांकडे डोळेझाक करण्याची आपली सवय दोन्हीकडे सारखीच आहे.

पर्यटकांच्या सुरक्षेचा विषय २०२५ मध्ये राज्यात ऐरणीवर आला, तोही मोठा आघात झाल्यावरच. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते आणि त्यांतील एक पनवेलचे रहिवासी होते. त्याच वर्षी महाबळेश्वर येथे पर्यटन सुरक्षा दलाचा प्रयोग राज्याने प्रायोगिक स्वरूपात हाती घेतला. गोवा आणि केरळमध्ये पर्यटक पोलीस ही कल्पना त्याआधीच रुळली आहे. दहशतवाद्यांचा हल्ला हा राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे. पाकीटमारी हा रोजच्या कारभाराचा विषय आहे आणि रोजच्या कारभाराची परीक्षा रोजच होते.

कायदा पुढे, ठाणे मागे

कायद्याने पाहुण्यासाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत त्याला उपयोगी पडतील अशा तरतुदी आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती नोंदवून घेणे, म्हणजेच 'शून्य क्रमांकाने' गुन्हा नोंदवणे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने स्पष्ट केले आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ पासून ही पद्धत केंद्राच्या सूचनांनुसार चालत होती, तिला आता कायद्याचा आधार मिळाला. कोकण रेल्वेने गोव्याला निघालेल्या वाशीच्या कुटुंबाची पर्स पनवेल आणि रोहा यांच्या दरम्यान गेली आणि ते रत्नागिरीला ध्यानात आले, तर "पनवेलला परत जा" असे त्यांना सांगता येत नाही. भारतीय न्याय संहितेने हिसकावून नेण्याच्या चोरीला कलम ३०४ मध्ये स्वतंत्र गुन्ह्याचा दर्जा दिला. टोळीने केलेली पाकीटमारी कलम ११२ खाली 'किरकोळ संघटित गुन्हा' ठरते आणि त्यासाठी एक ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

परंतु याच कायद्यांत दोन अडथळेही आहेत. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून तक्रार पाठवण्याची सोय आहे, मात्र ती नोंदवली जाण्यासाठी तक्रारदाराने तीन दिवसांत स्वाक्षरी करणे आवश्यक आहे. स्थानिक रहिवाशाला तीन दिवस पुरेसे आहेत. घारापुरी पाहून रात्रीच्या विमानाने कोलकात्याला परतणाऱ्याने काय करायचे, याचे उत्तर ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोपवून चालणार नाही.

दुसरा अडथळा पाच हजार रुपयांच्या रेषेचा. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर साधी चोरी नव्या संहितेच्या परिशिष्टानुसार अदखलपात्र ठरते. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना पोलीस तपासाला हात घालू शकत नाहीत. पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा देण्यामागील विचार माणुसकीचा आहे आणि न्यायालयांवरील ओझे कमी करण्याची गरजही खरी आहे. पण पर्यटकाच्या पाकिटाची किंमत त्यातील नोटांवर ठरत नाही. त्यात परतीचे तिकीट असते, ओळखपत्र असते, बँकेचे कार्ड असते. परदेशी माणसाचे पारपत्र गेले, तर पोलिसांच्या दाखल्यावाचून त्याच्या वकिलातीतले आणि विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातले काम अडते. प्रवास विम्याचा दावा करायचा तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत लागते. दूरसंचार खात्याने मे २०२३ मध्ये देशभर खुल्या केलेल्या 'संचार साथी' संकेतस्थळावरून हरवलेला मोबाइल बंद करून घ्यायचा, तरी तीच प्रत लागते. त्यामुळे चोर सापडो वा न सापडो, तक्रारीची पोच हीच पाहुण्याची पहिली आणि पुष्कळदा एकमेव गरज असते.

साक्ष समुद्रापलीकडून

तक्रारीनंतर येतो पुराव्याचा टप्पा. फिर्यादी परगावी किंवा परदेशी गेला की खटला थांबलाच पाहिजे, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई' या मुंबईच्या प्रकरणात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवता येईल, असा निर्वाळा दिला होता. नव्या संहितेच्या कलम ५३० ने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्यास सर्वसाधारण परवानगीच दिली आहे. चोरीचा माल सापडला तर त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत काढून त्याची ठरावीक मुदतीत विल्हेवाट लावावी किंवा तो मालकाला द्यावा, असे कलम ४९७ सांगते. वस्तू वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यात कुजवत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये 'सुंदरभाई देसाई' प्रकरणातही बजावले होते.

तरीही साक्षीदार दूर गेल्याने काय होते, ते गोव्याने अनुभवले आहे. हणजूणच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला. चोरीहून कितीतरी गंभीर असलेले ते प्रकरण जगभर गाजले, पण एक महत्त्वाचा ब्रिटिश साक्षीदार साक्षीसाठी आलाच नाही. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतील एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. जागतिक लक्ष असलेल्या खटल्याला अकरा वर्षे लागली. मग मोबाइल चोरीच्या खटल्याची वाट परगावचा माणूस किती पाहील?

नुकसानभरपाईच्या वाटेवरही पाहुण्याला एकसारखे छत्र नाही. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ मध्ये पाहुण्याने कर्मचाऱ्याच्या हाती सोपवलेली मोटार चोरीस गेली. 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' असे पावतीवर छापून हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पण २०१९ मध्ये. याउलट रेल्वेच्या डब्यात प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाच्या चोरीस रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला. थोडक्यात, दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या वस्तूला संरक्षण आहे, स्वतःजवळच्या वस्तूची काळजी ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

कॅरिबियन बेटांची वाट

जगाच्या दुसऱ्या टोकाला कॅरिबियन समुद्रातील बेटे या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंजत आहेत. मराठी वाचकाला बार्बाडोस, जमैका ही नावे क्रिकेटमुळे परिचित आहेत. त्या बेटांची चूल बऱ्याच अंशी पर्यटकांच्या पैशावर पेटते. अमेरिका आणि ब्रिटनची सरकारे आपल्या नागरिकांसाठी प्रवाससूचना काढतात आणि त्यातील एखादी कठोर ओळ बेटाचा हंगाम बुडवू शकते. प्रवासी जहाजे सकाळी बंदराला लागतात आणि सायंकाळी निघून जातात. काही तासांचा हा पाहुणा तक्रार देण्यासाठी मागे थांबूच शकत नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकाने पर्यटन सुरक्षेसाठी स्वतंत्र दल उभारले आहे. अनेक ठिकाणी मात्र सोपी वाट पत्करली गेली. उंच कुंपणाच्या आत किनारा, भोजन आणि करमणूक एकत्र देणारी विश्रामगृहे बांधली गेली आणि पाहुण्याला बाहेर पडण्याची गरजच उरली नाही.

कुंपणाने चोरी कमी होते, पण त्याची किंमत कुंपणाबाहेरचा गाव चुकवतो. पाहुण्याचा पैसा आत राहतो. बाहेरचा टॅक्सीवाला, खानावळवाला आणि फेरीवाला हे संशयित ठरतात. नवी मुंबईपुढे हाच मोह उभा राहण्याची शक्यता आहे. विमानतळाच्या आत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा, चकचकीत दिवे आणि कॅमेरे असतील. तेथून अटल सेतूवरून थेट दक्षिण मुंबई गाठता येईल. मग उलवे, पनवेल, बेलापूर ही वाटेवरची गावे केवळ काचेतून दिसतील. ज्या गावांच्या जमिनींवर हा विमानतळ उभा राहिला, त्यांना पाहुण्यांपासून रोजगार हवा आहे आणि तो मिळण्यासाठी पाहुणा निर्धास्तपणे बाहेर पडला पाहिजे. सुरक्षा ही म्हणूनच पोलिसांइतकीच स्थानिकांच्या पोटापाण्याचीही बाब आहे.

काय करता येईल

यासाठी नवा कायदा किंवा अवाढव्य खर्च लागेल असे नाही. विमानतळ, पनवेल आणि वाशी स्थानक अशा ठिकाणी चोवीस तास चालणारा एक मदत कक्ष, जिथे हद्द न विचारता तक्रार घेतली जाईल आणि तासाभरात पोच दिली जाईल, ही पहिली गरज आहे. तीन दिवसांची स्वाक्षरीची अट त्याच कक्षात, पाहुणा निघण्यापूर्वीच, पूर्ण करून घेता येईल. वस्तूचे वर्णन, खरेदीची पावती, मोबाइलचा ओळख क्रमांक आणि तक्रारदाराचा सविस्तर जबाब पहिल्याच भेटीत नोंदवला, तर पुढे त्याची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून घेणे सोपे जाईल. सापडलेला माल समारंभपूर्वक परत करण्याची प्रथा पोलिसांनी चांगली पाडली आहे. पण समारंभाला येऊ न शकणाऱ्या परगावच्या मालकाला तो घरपोच कसा मिळेल, याचाही विचार हवा.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदत वाहिनी इंग्रजी, हिंदी आणि दहा परदेशी भाषांत उत्तर देते. या यादीत मराठी नाही. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून प्रथमच विमानाने आलेला प्रवासीही पर्यटकच असतो, याची आठवण राज्य सरकारने आपल्या पातळीवर ठेवायला हवी. आणि पर्यटकांविरुद्धच्या चोऱ्यांची, देशी असोत वा परदेशी, आयुक्तालयाने स्वतंत्र नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध केली, तर पहिल्या वर्षी आकडा फुगलेला दिसेल. त्याला घाबरण्याचे कारण नाही. तक्रारी वाढणे हे पुष्कळदा विश्वास वाढल्याचे लक्षण असते.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत खार येथे दक्षिण कोरियाच्या एका यूट्यूबर तरुणीची भर रस्त्यात छेड काढली गेली. ते दृश्य थेट प्रक्षेपित होत असल्याने सगळ्यांनी पाहिले आणि पोलिसांनी स्वतःहून कारवाई करून दोघांना अटक केली. ही तत्परता कौतुकास्पद होती. पण तिच्या हातात कॅमेरा होता आणि पाहणारे हजारो होते. ज्याच्या मागे असा प्रेक्षकवर्ग नाही, ज्याची रात्री अकराची गाडी आहे आणि खिशात एक दमडीही उरलेली नाही, त्याला पोलीस ठाण्यात खुर्ची, पाणी आणि तक्रारीची प्रत मिळते की नाही, यावरच पाहुण्यांचे शहर म्हणून नवी मुंबईची पत ठरेल.